स्वाहिलीच्या तोंडी परीक्षेत घुसलेला सत्कार

तक्रारदार: मी स्वतः, व्यवसाय अर्जलेखन, राहणार फ्लॅट बुश, ऑकलंड. विरुद्ध पक्ष: आमच्या भागातील मराठी मंडळाचे अध्यक्ष, मूळचे पुण्याचे, पेशाने इंजिनियर. घटनेचा काळ: सन २०१६ च्या हिवाळ्यातील, म्हणजे येथल्या जुलैतील, एक शनिवार, संध्याकाळ. घटनास्थळ: माझ्याच घरातील मागची खोली. साक्षीदार दोन: एक माझी पत्नी, जी नर्स असून जिला खोटे बोलता येत नाही, दुसरी आमची शेजारीण, मूळची टांझानियाची, बॉटनी डाउन्सच्या एका बेकरीत कामाला. नावे मी कोणाचीच देत नाही. ज्याला लागायचे त्याला नावावाचूनही लागते.

माझी योग्यता प्रथम नमूद करतो, कारण तिच्याबद्दलच येथे हसे झाले आहे. मी बारावी नापास. तरुणपणी एका व्यापाऱ्याच्या गोदामात कारकून म्हणून मोंबासाला गेलो. तेथे फावल्या वेळी बंदराच्या कचेरीबाहेर बसून हमालांचे आणि विधवांचे अर्ज स्वाहिलीत लिहू लागलो. पुढे पत्नीला न्यूझीलंडमध्ये नोकरी लागली आणि आम्ही येथे आलो. तिच्या पाळ्या, माझी एकट्याची दुपार. तेव्हा आफ्रिकेतील एका दूरशिक्षण विद्यापीठात नाव घातले, पन्नाशीला टेकल्यावर पदवी घेतली आणि आफ्रिकी भाषांच्या ऑनर्सला प्रवेश मिळवला. माझ्या प्रबंधाचा विषय होता स्वाहिली अर्जांतील विनवणीची भाषा. त्या विषयात माझ्याइतका अधिकार असलेला इसम या देशात दुसरा असेल, असे मला वाटत नाही.

प्रबंध उत्तीर्ण झाला. उरली तोंडी परीक्षा, संगणकाच्या पडद्यावरून. नियम एकच, पण कडक: खोलीत परीक्षार्थी आणि विद्यापीठाने मान्य केलेला एक पर्यवेक्षक, तिसरे कोणी नाही. पर्यवेक्षक मान्यताप्राप्त व्यावसायिक हवा आणि नातलग नसावा. म्हणून मी अध्यक्षांकडे गेलो.

“काका, तुम्ही झुलूत एम. ए. करताय म्हणे!”

“स्वाहिलीत. ऑनर्स.”

“तेच ते हो. बसतो ना मी, त्यात काय! स्वीट ॲज, एकदम मस्त! पण मग मंडळाला काहीतरी करायला पाहिजे तुमच्यासाठी.”

“आपण फक्त गप्प बसायचे आहे,” मी म्हणालो. त्यांनी नियमांचा कागद सही करून परत दिला. वाचला असावा असे मी तेव्हा समजलो.

शनिवारी ते वेळेवर आले आणि दाराजवळच्या खुर्चीत बसले. परीक्षक बाई वयाने बऱ्याच वडील होत्या. स्वाहिलीत वडीलधाऱ्यांना ‘शिकामो’ म्हणून वंदन करतात आणि त्यांनी ‘मराहबा’ म्हटल्याशिवाय पुढे बोलत नाहीत. मी वंदन केले, बाईंनी ते हसून स्वीकारले. माझी जीभ मोंबासाच्या धक्क्यावर चालायची तशी चालू लागली. एका विधवेचा अर्ज मी तोंडपाठ म्हणून दाखवला, तेव्हा बाईंनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि नुसते ऐकत राहिल्या. शेजारीण माझ्या पत्नीबरोबर आमच्या स्वयंपाकघरात बसली होती. तिला भिंतीपलीकडून शब्दन्शब्द ऐकू येत होता. ती आजही सांगते की त्या अर्ध्या तासात मी परका वाटलो नाही.

तेवढ्यात खोलीचे अंगणाकडचे दार उघडले. अध्यक्षांनी ते आतून उघडले, हे ध्यानात घ्यावे. मंडळाच्या कार्यकारिणीतली चार माणसे शाल, श्रीफळ आणि कॅमेरा घेऊन आत आली. पाठोपाठ अध्यक्षांच्या पत्नी औक्षणाचे तबक घेऊन.

“काका, जरा इकडे तोंड करा, फोटोत पाठ येतेय!”

“परीक्षा चालू आहे!” मी ओरडलो.

“अहो, झालीच की! किती बोलाल!” असे म्हणून अध्यक्षांनी कानावरच्या हेडफोनसकट माझ्यावर शाल पांघरली. मग पडद्याकडे वाकून हात हलवला आणि येथल्या माओरी भाषेत नमस्कार ठोकला. “किया ओरा, मॅडम! वी आर ऑल हिज फॅमिली!”

बाईंचा चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढला. त्यांनी मला स्वाहिलीत एवढेच विचारले, “ही माणसे कोण?” मी उत्तर देईपर्यंत कोणीतरी नारळ माझ्या हातात कोंबला आणि कॅमेऱ्याचा प्रकाश डोळ्यांवर आला. पडदा काळा झाला.

विद्यापीठाने परीक्षा रद्द केली. कारण दोन ओळींत: खोलीत अनधिकृत व्यक्ती होत्या आणि पर्यवेक्षकाने स्वतःस परीक्षार्थीचे कुटुंबीय म्हटले. मात्र वर्षअखेरपर्यंत पर्यवेक्षकाने स्वहस्ताक्षरात खरी हकीकत कळवल्यास फेरपरीक्षा देण्याचा विचार होईल. तसे न झाल्यास माझी नोंदणी संपते.

मी ते पत्र घेऊन अध्यक्षांच्या घरी गेलो आणि खरी हकीकत लिहून मागितली. ते जंडल्स, म्हणजे येथल्या रबरी चपला, घालून बागेत पाणी घालत होते.

“काका, असं लिहून दिलं तर मी इंजिनियर म्हणून बेजबाबदार ठरतो. ऑफिसात कळलं तर? आणि सोडा ना, या वयात ऑनर्स घेऊन काय करणार? डेअरीत दूध आणताना स्वाहिली बोलणार का?”

त्यांचा मुलगा पायरीवर बसला होता. तो म्हणाला, “डॅड, यू डिड वेव्ह अ‍ॅट हर.” मुलाला त्यांनी आत पाठवले. मंडळाच्या पत्रिकेत मात्र फोटो छापून आला, खाली ‘विदेशी भाषेत सुयश’. तोंडाने ते सर्वांना सांगत होते, काका नापास झाले.

तेव्हापासून मी हात आखडला. गणेशोत्सवाच्या हॉलचा अर्ज दरवर्षी मी कौन्सिलला लिहून देत असे: गाड्या कोठे लागतील, ढोल कधी थांबतील, कचरा कोण उचलेल. या वर्षी तो अध्यक्षांनी लिहिला. त्यात संस्कृती होती, वारसा होता, पण ढोल कधी थांबणार हे नव्हते. हॉल नाकारला गेला. गणपती त्यांच्या गॅरेजमध्ये बसला, गवत कापायचे यंत्र आणि कयाक होडी यांच्या मधोमध. पहिल्याच संध्याकाळी त्यांच्या घरापलीकडचे गोरे आजोबा आवाजाची तक्रार कशी करावी हे विचारत माझ्याकडे आले. ती तक्रार मी लिहिली. मोबदला घेतला नाही. आयुष्यात इतका नेटका मसुदा माझ्या हातून क्वचितच उतरला असेल. दर्शनाला गेलेले लोक सांगतात की आरती कुजबुजत झाली. बाप्पाची मी मनोमन क्षमा मागितली आहे, अध्यक्षांची मागणार नाही.

पत्नी म्हणते, पुरे झाले. मला ते पुरे वाटत नाही. गॅरेजने माझी परीक्षा परत येत नाही.

सबब मंडळाच्या सर्व सभासदांपुढे मागणी अशी की, विरुद्ध पक्षाने दार आपण उघडले, माणसे आपण बोलावली आणि परीक्षार्थीने विरोध केला, ही तीन वाक्ये स्वहस्ताक्षरात लिहून सहीनिशी विद्यापीठाकडे पाठवावीत व प्रत मजकडे द्यावी. मुदत वर्षअखेर. तोवर मंडळाचा एकही अर्ज माझ्या हातून लिहिला जाणार नाही आणि मंडळाविरुद्धचा एकही अर्ज मी नाकारणार नाही. लेखी उत्तराची वाट पाहत आहे.