सकाळचं मीठ

बाळाराम मिस्त्री यंत्राची चव घ्यायचे. गिअरबॉक्समधली तेल मोजायची पट्टी बाहेर काढायची, तिच्या टोकावरचं तेल दोन बोटांत चोळायचं, नाकाशी न्यायचं आणि मग खरोखर जिभेला लावायचं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी हे पाहिलं. ते बाजूला थुंकले, बोट लेंग्याला पुसलं आणि म्हणाले, "आतल्या पलेटी जलल्यात." मी नवा इंजिनिअर. उघडल्याशिवाय कसं सांगता, असं विचारलं. "साहेब, तुमच्या पुस्तकात चव लिवलेली नसतंय," ते हसून म्हणाले. दोन दिवसांनी गिअरबॉक्स उघडला. प्लेटी कोळशासारख्या काळ्या निघाल्या होत्या.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली ही गोष्ट. वाशीच्या आसपास खाडीत भराव घालायचं काम एका ठेकेदार कंपनीकडे होतं. डोंगरातल्या खाणीत दगड-मुरूम भरायचा, उतारावरून खाली आणायचा आणि खाडीकाठी ओतायचा. त्यासाठी परदेशी बनावटीचे मोठे डंपर आणले होते. माझ्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. वडील तालुक्याच्या शाळेत शिपाई. मला ही नोकरी लागली तेव्हा ज्या वर्गांबाहेर त्यांनी आयुष्यभर घंटा वाजवली, त्या सगळ्या वर्गांत त्यांनी पेढे वाटले. सहा महिने मी तात्पुरता राहणार होतो, पक्का हुकूम मार्चमध्ये मिळायचा होता.

बाळाराम मिस्त्री तिथलेच, खाडीकाठच्या गावचे. पूर्वी त्यांच्या घरचं मिठागर होतं. नवं शहर यायचं ठरलं, जमिनी गेल्या, मिठागरावर बुलडोझर आला. तो बुलडोझर दुसऱ्या दिवशी बंद पडला. काठावर बसलेल्या बाळारामांनी त्याच्या ड्रायव्हरला पाना धरून मदत केली, आणि तिथून ते मिस्त्री झाले. "माज्याच आगरावर माती टाकायला मीच मशीन चालू करून दिली," असं ते सांगायचे. सांगताना हसायचे, पण त्या हसण्यात दुसऱ्या कुणी सामील झालेलं त्यांना आवडत नसे.

या डंपरांना क्लच नव्हता. गिअर आपोआप पडत. केबिनच्या खाली एक लोखंडी पेटी होती, तिच्यात इलेक्ट्रॉनिक सर्किट. गाडीचा वेग किती, ड्रायव्हरने रेस किती दिली हे तारांमधून पेटीला कळायचं आणि कुठला गिअर हवा ते ती ठरवायची. पेटीला बिघाड कळला तर समोरचा तांबडा दिवा लागायचा, आणि तिची वीजच तुटली तर गाडी सरळ न्यूट्रलमध्ये जायची. वर्कशॉपमध्ये ती पेटी मला एकट्यालाच समजते असा माझा समज होता. मिस्त्री तिला "सासू" म्हणत. "आपन हात लावायचा नाय, पन तिची मर्जी सांभालायची."

तिची मर्जी ते वेगळ्या तऱ्हेने ओळखायचे. कुणी ड्रायव्हर तक्रार घेऊन आला की हत्यार उचलण्याआधी ते त्याच्या शेजारी बसून भरलेल्या गाडीच्या तीन फेऱ्या करायचे. डोळे मिटलेले, हाताचा पंजा पायाखालच्या पत्र्यावर. गिअर पडला की एक बोट उचलायचे. मी एकदा म्हणालो, "मिस्त्री, मीटर लावला की पाच मिनिटांत कळतं." ते म्हणाले, "मीटर तुमच्याशी खरा बोलल. पन गाडी उभी असताना काय इचारनार तिला?"

त्या नोव्हेंबरात काम देणाऱ्या खात्याचे अधिकारी पाहणीला यायचे होते. गोड्या पाण्याचा टँकर दोन दिवस आला नव्हता आणि डंपर चिखलाने माखलेले. मी म्हणालो, खाडीचा पंप लावा, धुऊन काढा. मिस्त्री जवळच उभे होते. "साहेब, खारा पानी हाय," ते म्हणाले. मी म्हणालो, "रंग लावलाय सगळ्याला. एका दिवसाने काय होतंय?" ते मागे सरले. डंपर चकचकीत झाले. अधिकाऱ्यांनी माझं नाव विचारून घेतलं. त्या रात्री मी घरी पत्रसुद्धा लिहिलं.

आठवड्याभरात तक्रारी येऊ लागल्या. काशिनाथ नावाचा ड्रायव्हर होता, मराठवाड्यातून आलेला, दिघ्याला झोपडीत राहायचा. तो म्हणाला, "साहेब, सकाळी सकाळी दुसऱ्याचा तिसरा पडताना लई झटका बसायलाय. मधीच दिवा लागतो, मधीच जातो. दहा वाजले की पुन्हा गुणाची." मी त्याला समजावलं की सकाळी तेल थंड असतं, गरम झालं की ठीक होतं. दोन-चार दिवसांनी तो पुन्हा आला. गाडीला एक गिअर धरवेना, वर जाते, खाली येते, म्हणाला. मिस्त्री त्या आठवड्यात भावाच्या मुलीच्या लग्नासाठी रजेवर होते. मी त्याला म्हणालो, "अरे, तेल गरम होऊ दे की."

तिसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्याच फेरीला, भरलेला डंपर उतारावर असताना, गाडीने गिअर सोडला. नुसत्या ब्रेकवर तो भार पेलेना. काशिनाथने खाली काम करणाऱ्या बायका पाहिल्या आणि गाडी डोंगराच्या अंगाला घातली. डंपर कलंडला. कुणी मेलं नाही. काशिनाथचा पाय मांडीत मोडला.

मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये पाहिलं तर गिअरचा लिव्हर न्यूट्रलवर. "डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारली. सगळे ड्रायव्हर असलेच," त्यांनी निकाल देऊन टाकला. काशिनाथ सांगत होता की गाडी थांबल्यावर सवयीने लिव्हर मागे ओढला, आधी हात लावला नव्हता. त्याला काढायचं आणि पुढे कुणी गाडी देणार नाही असा शेरा मारायचा, एवढं ठरलंच होतं. फक्त माझा तपासणीचा अहवाल बाकी होता. मी दुपारी उन्हात पेटी तपासली. सगळे आकडे पुस्तकाप्रमाणे आले. "पेटीत दोष आढळला नाही," मी लिहिलं आणि सही करायला पेन उचललं.

मिस्त्री रजेवरून थेट ऑफिसात आले. "साहेब, पेटी कुठल्या वक्ताला तपासली?"

"दुपारी."

"गाडी कवा पडली?"

"सकाळी."

"मंग सकाली बघू. सही ऱ्हाव द्या."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला आम्ही डंपरपाशी गेलो. दव पडलं होतं, पत्र्याला हात लावला की ओला होत होता. मी मीटर लावला. काटा थरथरला आणि खाली आला. तांबडा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. मिस्त्रींनी पेटीच्या जाड तारेचा जोड ओढून काढला. रबराच्या टोपणाआड, बारीक पिनांच्या मधे, पांढरा-हिरवा थर चढला होता. त्यांनी नखाने थोडा काढला, जिभेला लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "खाडी हाय."

मग त्यांनी मला समजावलं, लहान मुलाला समजवावं तसं. "मीठ दुपारचा झोपतंय. उनात वालला की गरीब. पन सकाली हवेत ओल असतंय, तवा ते जागा होतंय, पानी धरतंय. आगरावर सकाली मिठाच्या राशीला हात लावून बघा, ओली लागंल. तुमची वीज त्या ओलीतून पलते."

मी म्हणालो, "मिस्त्री, तुम्ही त्या दिवशी सांगितलं होतंत."

"एकदा सांगितला. दुसऱ्यांदा सांगायला पायजे व्हता," ते म्हणाले.

मी पहिला अहवाल फाडला आणि दुसरा लिहिला. खाऱ्या पाण्याने धुतल्यामुळे जोड गंजला, पेटीची वीज तुटली, ड्रायव्हरचा दोष नाही. सगळं खरं लिहिलं. कुणाच्या सांगण्यावरून धुतलं, तेवढं लिहिलं नाही.

मॅनेजरसाहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. "ही खाऱ्या पाण्याची अक्कल कुणाची?" त्यांनी विचारलं. टेबलावर काचेचा पेपरवेट होता, आत एक निळं फूल. मी त्या फुलाकडे बघत राहिलो.

"वर्कशॉप माजा हाय, साहेब," मिस्त्री म्हणाले.

"मिठागरातली माणसं तुम्ही! मीठ लोखंडाचं काय करतं ते मी शिकवायचं तुम्हाला?"

"चुकला, साहेब."

काशिनाथची नोकरी राहिली. बाळाराम मिस्त्रींना गिअरबॉक्सवरून काढून टायरच्या शेडमध्ये टाकलं, हवा भरायला आणि पंक्चर काढायला. त्या संध्याकाळी मी शेडमध्ये गेलो. म्हणालो, "मी उद्या साहेबांना सांगतो." ते ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होते. "तुमचा पक्का हुकूम कदी हाय?"

"मार्चमध्ये."

"मंग मार्च जाव दे."

मार्च गेला. हुकूम आला, वडिलांनी पुन्हा पेढे वाटले. मी सांगितलं नाही. एप्रिलमध्ये सांगितलं तर आधी का नाही, असं विचारतील असं वाटलं. मग पावसाळा आला. मग दोन वर्षं गेली. मला पुण्याला दुसरी नोकरी मिळाली. निघताना मिस्त्रींनी मला गावठी मिठाची पुरचुंडी दिली. "भात चांगला लागतंय," एवढंच बोलले.

पुढे वर्षभरातच ते वारल्याचं कळलं. मी तेराव्याला त्यांच्या गावी गेलो. मांडवात काशिनाथ दिसला, जरा लंगडत होता. "जयभीम साहेब," म्हणत त्याने मला खुर्ची दिली. मला राहवेना. मी म्हणालो, "काशिनाथ, तो डंपर खाडीच्या पाण्याने धुवा असं मी सांगितलं होतं. मिस्त्रींनी नाही."

"ठाव हाय की," तो म्हणाला. "पाईप माझ्याच हातात व्हता."

तो शेजारी बसला, दुखरा पाय हाताने सरळ केला. "म्या तवाच मॅनेजरसाहेबाकडं जानार व्हतो. मिस्त्रींनी शपथ घातली. म्हनले, घरातला पयला शिकलेला पोरगा हाय, त्याचा त्यो सांगल. मोप वाट बघितली त्यांनी. सकाळी तुमी शेडवरून हापिसात जायचे ना, तवा हातातलं काम सोडून उभे ऱ्हायचे. म्हनायचे, आज येल."

मला ते उभे राहणं आठवत होतं. रोज सकाळी मी तिथून जाताना हात वर करायचो. तेही हात वर करायचे. मला वाटायचं, मिस्त्री नमस्कार करतायत.