मागितलं की द्यायचं

तुकुम्मेक आपल्या सहा वर्षांच्या नातीला ‘अहो’ म्हणते, आणि ग्रीनलंडच्या उत्तर टोकाच्या आमच्या वस्तीत त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. वाटायचं कारणच काय? तिचा नवरा इतुको वसंतातल्या कच्च्या बर्फाखाली गेला आणि महिना उलटायच्या आत तिच्या लेकीला, एकिलानाला, मुलगी झाली. मुलीचं नाव इतुकोच ठेवलं. नाव आलं म्हणजे माणूस आला. तेव्हापासून आजी नातीला अहो-जाहो करते, नात आजीला ‘अगं’ म्हणून हाक मारते, एकिलाना पोटच्या पोरीवर ‘बाबा, आधी नाक पुसा’ म्हणून ओरडते, आणि जावई मासाउना, जो मुळातच वात्रट, तो तिला खांद्यावर घेऊन ‘चला सासरेबुवा’ म्हणत दुकानात नेतो.

अशा पोराला नाही म्हणायचं नसतं. मागितलं की द्यायचं, एवढंच पाळायचं. नाही म्हटलं की नाव रुसतं, रुसलं की निघून जातं, आणि नाव गेलेलं पोर टिकत नाही. यावर बाहेरचा कुणी हसला तर खुशाल हसू दे. त्याच्या घरी पोरं कशी टिकतात ते त्याचं तो बघेल.

तुकुम्मेकचा स्वभाव पहिल्यापासून घोर लावून घेणारा. समुद्र गोठायला लागला की बर्फाने नीट धरलंय का याचा घोर. सूर्य बुडून अंधाराचे महिने सुरू झाले की कुत्र्यांना खायला पुरेल का याचा. सूर्य परतला की बर्फ खालून कुजतोय का याचा. आणि उन्हाळ्यात पाणी मोकळं झालं की वर्षाचं सामान आणणारं जहाज नांगर टाकेपर्यंत बाई दारातून हलत नसे. मासाउना म्हणायचा, “सासूबाईंना एखाद्या दिवशी काळजी सापडली नाही, तर आम्हाला शोधायला पाठवतील.” ती हसायची नाही. इतुको गेला त्या सकाळी आकाश असं लख्ख होतं की ती काळजी करायची विसरली होती. आयुष्यात तेवढी एकच सकाळ ती निर्धास्त होती, आणि त्याची शिक्षा मिळाली असं तिला वाटायचं.

एका बाबतीत मात्र ती निवांत असायची. किविआक. मे महिन्यात समोरच्या डोंगरावर मुठीएवढे काळे-पांढरे पक्षी थव्याने येतात. लांब दांड्याची जाळी घेऊन दगडांत बसायचं आणि उडता पक्षी झेलायचा. मग सीलची अख्खी कातडी घ्यायची, आतल्या चरबीसकट, आणि त्यात ते पक्षी पिसांसकट ठासून भरायचे. वर पालथं पडून अंगाच्या भाराने हवा काढायची, तोंड शिवायचं, शिवणीवर चरबी थापायची आणि सावलीला दगडांच्या ढिगाखाली ठेवून द्यायचं. थंडीत उघडेपर्यंत आतलं मांस असं मुरतं की हाडावरून आपोआप सुटतं. वास सोसला तर चवीचं वेड लागतं. इतुकोला लागलं होतं. धाकट्या इतुकोला तर दात यायच्या आधीपासून लागलं.

गेल्या उन्हाळ्यात तिसरी कातडी अर्धी भरली असताना तुकुम्मेकचा पाय दगडावरून घसरला आणि गुडघा गेला. तिला स्लेजवरच्या सामानासारखं उचलून खाली आणावं लागलं. “राहिलेलं मी करतो,” मासाउना म्हणाला. तो दक्षिण ग्रीनलंडमधल्या गावचा. तिकडे किविआक करत नाहीत, पण त्याने दोन-तीन वर्षं बघितलं होतं. संध्याकाळी येऊन म्हणाला, “काठोकाठ भरली. तुमच्यापेक्षा घट्ट शिवली.” गुडघा ठणकत होता. तिने पुढे काही विचारलं नाही.

हिवाळा सरत आला. सूर्य यायला थोडे दिवस उरले होते. भर दुपारी दक्षिणेला आकाश निळसर उजळायचं आणि पुन्हा विझायचं. सूर्याच्या दिवशी सगळ्या वस्तीचं जेवण असतं आणि किविआक तुकुम्मेककडूनच जातं, म्हणून एका दुपारी ती नातीला घेऊन ढिगाकडे गेली. वरची कातडी हाताशी आली तीच काढली आणि सुरीने शिवण उसवली.

“अगं, मला दे,” नात म्हणाली.

“अहो, घरी गेल्यावर खा की निवांत. हात गारठतील.”

“आत्ता दे.”

मागितलं की द्यायचं. तुकुम्मेकने पक्षी काढला, पिसं ओरबाडली, दिला. पोरीने तो मान वर करून चोखला, हाडं थुंकली, दुसरा मागितला. तोही दिला. नवऱ्याला असं मन लावून खाताना बघितलं की तिचं पोट भरायचं. तिसरा काढायला तिने हात खोल घातला, आणि हाताला एक पंख लागला. तो संपता संपेना. लांब, रुंद, जाड पिसांचा.

तिने तो ओढून काढला. समुद्री बदक होतं.

बदक किविआकमध्ये घालत नाहीत. अंगाने मोठं, आत हवा राहते, आणि मुरायच्या जागी त्याचं विष होतं. आधी काही कळत नाही. वास तोच, चव तीच. दुसऱ्या एका वस्तीत याच चुकीपायी एका घरातली नवरा-बायको दोघं गेली होती, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुकुम्मेकने नातीच्या तोंडात बोटं घातली. पोरगी चिडून तिला चावली. पोटात गेलेलं काही वर आलं नाही. मग दुखरा गुडघा विसरून ती पोरीला उचलून धावत सुटली.

“अर्धी कातडी रिकामी होती,” मासाउना म्हणाला. “सकाळी मारलेली बदकं होती, ती भरली. मला वाटलं, पक्षी तो पक्षी.”

“तुमच्या गावात बूट डोक्यात घालतात का रे?” तुकुम्मेकच्या नवऱ्याची थोरली बहीण रेगिने कडाडली. ती शेजारच्याच घरातून आरडाओरडा ऐकून आली होती. “नाही माहीत तर तोंड उघडून विचारायचं. जीभ काय सासरेबुवा म्हणायलाच दिलीय?”

एकिलानाने पोरीला उचललं आणि आरोग्य केंद्राची वाट धरली. तुकुम्मेकला मासाउनावर रागवायला सवड नव्हती. कातडी त्याने भरली असेल, पक्षी तिने दिला होता.

आरोग्य केंद्रात सोफिये ही एकच नर्स असते. तिने शहरातल्या डॉक्टरांना फोन लावला, बराच वेळ ऐकलं आणि ठेवला. उताऱ्याचं औषध शहरातल्या दवाखान्यात होतं, आणि दोन दिवसांपासून वारा असा होता की हेलिकॉप्टर उडणं शक्य नव्हतं.

“पुढचे दोन-तीन दिवस लक्ष ठेवायचं,” सोफिये म्हणाली. “पापण्या जड होतात का बघा. एकाच्या जागी दोन दिसतात का विचारा. बोलताना जीभ अडखळली, घास गिळवेना, तर लगेच मला बोलवा.”

“बोलावल्यावर तू काय करशील?” तुकुम्मेकने विचारलं.

सोफिये खोटं बोलणारी बाई नाही. “पंपाने श्वास देत बसेन,” ती म्हणाली. “वारा पडेपर्यंत.”

मासाउनाने ती कातडी बर्फाला भोक पाडून समुद्रात सोडली, कुत्र्यांच्याही तोंडी लागू नये म्हणून. आणि घरात ते विचारणं सुरू झालं. अहो, ही किती बोटं? अहो, दिवा एक की दोन? अहो, इकडे बघा, पापणी उचला. पोरगी आधी हसून उत्तरं द्यायची, मग वैतागली. तुकुम्मेकला तिच्या प्रत्येक जांभईत मरण दिसायचं. पोरगी झोपली की ती तिच्या नाकापुढे हात धरून बसायची. वारा छपरावरून घोंघावत जायचा, आणि तिला वाटायचं, मी त्या एका सकाळी काळजी केली नाही, आता सगळ्या जन्माची एकदम करतेय, तरी ही फिटत कशी नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगी उठून बसली आणि म्हणाली, “अगं, किविआक दे.”

उरलेल्या दोन कातड्या एकिलानाने बाहेरच्या खोलीत आणून ठेवल्या होत्या. त्या तुकुम्मेकने स्वतः भरल्या होत्या, स्वतः शिवल्या होत्या. त्यांत खोट असायचं काही कारण नव्हतं. पण कारण तर त्या दिवशीही नव्हतं. तिचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला होता.

“अहो, सूप घ्या ना गरम गरम.”

“किविआक.”

रेगिने कोपऱ्यात बसून होती. “तुझ्या हातचं आहे ना ते? मग दे की.”

तुकुम्मेक उठली. दारापर्यंत गेली. सहा वर्षांत या मागण्याला तिने एकदाही नाही म्हटलं नव्हतं. चाकू मागितला तर चाकू दिला होता, भर वाऱ्यात बाहेर जायचं म्हटलं तर बाहेर नेलं होतं. कडीवर हात ठेवून ती उभी राहिली आणि तशीच परत फिरली.

“नाही,” ती म्हणाली.

“कुणाला नाही म्हणतेस?” रेगिनेचा आवाज खाली आला. “तुकुम्मेक, माझ्या भावाला नाही म्हणतेस तू? पोर आधीच विषाच्या दारात आहे. आता नाव गेलं तर तिला धरून कोण ठेवणार?”

“मी धरते, वन्सं.”

“तो रुसेल. जाईल निघून.”

“जाऊ दे,” तुकुम्मेक म्हणाली. “त्यांना मी सहा वर्षं जपलं. जे मागितलं ते दिलं, विषसुद्धा दिलं माझ्या हाताने. आता बास. नाव जायचं तर जाऊ दे, मला पोर हवीय.” मग ती नातीसमोर गुडघा टेकून बसली, दुखरा तोच टेकला. “पोरी, नाही मिळणार. रड, ओरड, मला मार. पण नाही.”

पोरगी रडली नाही. आजीकडे टक लावून बघत राहिली, जन्मात पहिल्यांदा कुणी नाही म्हटल्यावर बघावं तशी. मग अंगावर कातडं ओढून भिंतीकडे तोंड करून निजली. त्यानंतर ती एक शब्द बोलली नाही.

आता घरात नवाच घोर लागला. ती रुसून गप्प आहे की जीभ लुळी पडलीय? सूप दिलं तर प्यायली, पण सावकाश. गिळताना त्रास होतो का, विचारलं तर मान हलवत नव्हती. बोटं दाखवली तर डोळे मिटून घ्यायची. एकिलाना रडत होती, मासाउना दर थोड्या वेळाने बाहेर जाऊन वाऱ्याला शिव्या घालून येत होता, आणि रेगिने एका जागी बसून भावाचं नाव घेत होती. नाव निघून गेल्यावर पोर असंच गप्प होतं, हे ती म्हणाली नाही. पण सगळ्यांना ते ऐकू आलं.

सूर्याच्या दिवशी वारा पडला. सोफिये सांगायला आली की हेलिकॉप्टर निघतंय, दुपारी पोचेल, पोरीला तयार ठेवा. तोवर वस्ती डोंगराकडे निघाली होती, कारण सूर्य कुणासाठी थांबत नाही. मासाउनाने पोरीला खांद्यावर घेतलं. या वेळी तो सासरेबुवा म्हणाला नाही.

चढावर सगळे उभे राहिले. दक्षिणेच्या कड्यावर आधी सोनेरी कड आली, मग तो आला, बारीक चकतीएवढा. सगळ्यांनी टोप्या काढल्या, हातमोजे काढले. बायाबापड्या हसत होत्या, डोळे पुसत होत्या. तुकुम्मेकने सूर्याकडे पाहिलंच नाही. ती वर खांद्यावरच्या चेहऱ्याकडे बघत होती. पोरीच्या पापण्या खाली आल्या होत्या. अर्ध्यावर आल्या होत्या आणि तिथेच थरथरत होत्या.

इतक्या महिन्यांनी ऊन बघितल्यावर सगळ्यांच्याच पापण्या खाली येतात, हे तिला सुचलंच नाही. तिने मासाउनाचा कोट धरला.

“पोरी,” ती म्हणाली, “सूर्य किती दिसतात? सांग मला. रुसवा नंतर काढ, आधी सांग.”

पोरगी खाली वाकली. तिने आजीच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग पुन्हा समोर पाहिलं, उन्हाला हाताचा आडोसा केला, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “एकच आहे, आजी.”

रेगिने ते ‘आजी’ ऐकून मटकन खाली बसली. एकिलानाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तुकुम्मेक “हो गं, एकच आहे,” म्हणाली आणि तिथेच सगळ्यांसमोर नवऱ्यासाठी रडायला लागली. सहा वर्षांपूर्वी तो महिन्याभरातच परत आला होता, म्हणून तेव्हा तिला कुणी रडू दिलं नव्हतं.