नलूबाईंच्या घरातला कापूस

नलूबाई मनवर यांच्या घरात कापूस नव्हता. एक बोंडसुद्धा नव्हतं. त्यांच्याकडे शेतच नव्हतं, तर कापूस येणार कुठून? हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण सरकारी कागदावर त्यांच्या घरात बारा क्विंटल कापूस जळाल्याची नोंद आहे, आणि ती नोंद करायला लावणारा शहाणा मीच.

मी पंजाबराव, जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर. आमचं गाव बोरी अरबपासून दोन कोसांवर. नलूबाई आमच्या उपकेंद्राच्या नर्स. बावीस वर्षं त्यांनी चार गावं आणि एक तांडा पायी तुडवला. माझ्या वर्गात बसणाऱ्या निम्म्या पोरांना त्यांनी या जगात आणलेलं होतं. बोलायला मात्र तिखट. लस टोचायच्या दिवशी पोरगं लपवून ठेवणाऱ्या बापाला त्या चारचौघांत असं झापत, की तो बापडा पुढच्या वेळी पोराला घेऊन सर्वात आधी हजर होई. नवरा लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी वारला. मुलगी मैत्रेयी पुसदला कॉलेजात होती. नलूबाईंचे वडील जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबले आणि कुडाच्या खोपटात गेले, म्हणून वस्तीत स्वतःचं विटामातीचं पक्कं घर बांधायचं हे या बाईचं एकच वेड होतं. बँकेचं कर्ज काढून त्यांनी ते बांधलं. तीन खोल्या, सागाचे फाटे म्हणजे वासे, वर टिनाचे पत्रे. ड्युटीवरून कितीही थकून आल्या तरी आधी ओटा धुवायच्या आणि मग स्वतःचे पाय.

दोन हजार सहा सालचा एप्रिल. दुपारी दोनच्या सुमारास मीटरजवळ ठिणगी पडली आणि घर पेटलं. नलूबाई तेव्हा तांड्यावर होत्या, भीमसिंग नाईकाच्या सुनेचं, जमनीचं बाळंतपण होतं. आम्ही बादल्या, घागरी, जे हाती आलं ते घेऊन धावलो. दारव्ह्याचा बंब येईपर्यंत छप्पर खाली आलं होतं. भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या, काळ्याठिक्कर.

तलाठी योगायोगाने गावातच होते. पंचनामा तिथेच, निंबाखाली सुरू झाला. पंच पाच. माजी सरपंच मारोतराव, तांड्यावरून धूर पाहून आलेले भीमसिंग, आणखी दोघं आणि मी.

"काय काय जळालं?" तलाठ्यांनी विचारलं.

मारोतराव सांगू लागले, "कपाट, गाद्या, फ्रिज, पोरीची पुस्तकं..."

तलाठ्यांनी पेन खाली ठेवलं. "याची सरकारी मदत काही फारशी येत नाही हो," असं म्हणाले.

आणि मी बोललो, "मंग कापूस लिहा ना."

कोणी हसलं नाही, कोणी चमकलंही नाही. का, ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. त्या वर्षी खरेदी केंद्रावर गाड्यांच्या रांगा हलत नव्हत्या, भाव पडला होता, आणि चैत्र सरत आला तरी अख्ख्या गावाच्या समोरच्या खोल्या फाट्यांपर्यंत कापसाने भरलेल्या होत्या. माणसं ओट्यावर झोपत आणि कापूस घरात. आदल्या वर्षी घनश्यामचं घर जळालं, त्याच्या पंचनाम्यात कापूस होता, त्याला मदत मिळाली. त्याच्या शेजारच्या म्हातारीकडे भांडीकुंडीच होती, तिला एक ताडपत्री आणि गहू मिळाले. त्यामुळे आमच्या डोक्यात घर जळालं म्हणजे कापूस जळाला हे गणित पक्कं बसलेलं. बाई आपली आहे, तिला चार पैसे मिळावेत, एवढाच विचार. "बारा क्विंटल लिहा," असंही मीच म्हणालो. आम्ही पाचही जणांनी खाली सह्या केल्या, आणि खरं सांगतो, मला त्या क्षणी फार पुण्य केल्यासारखं वाटलं.

नलूबाई चार वाजता आल्या. हातात औषधांची पेटी, लुगड्यावर बाळंतपणाचे डाग. त्या घरासमोर उभ्या राहिल्या. आम्हाला वाटलं, हंबरडा फोडतील. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जमनीले पोरगी झाली. वजन चांगलं आहे." मग पुन्हा घराकडे पाहिलं आणि रस्त्यातच खाली बसल्या. माझी बायको लीलाबाई धावत गेली आणि त्यांना हाताला धरून आमच्या घरी घेऊन आली. मागची खोली आम्ही रिकामी करून दिली.

आठवड्याने मी आणि लीलाबाई त्यांना घेऊन बँकेत गेलो तेव्हा मॅनेजर म्हणाला, तुमच्या घराचा विमा आहे, कर्जासोबतच काढलेला. आम्ही तिघंही थक्क. आम्हाला माणसाचा विमा माहीत होता, पिकाचा ऐकून होतो. "घराचाबी विमा असते काय हो भाऊ?" नलूबाई मला विचारत होत्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर थोडं रक्त आलं होतं. कंपनीचा माणूस पाहणीला आला, मोजमाप केलं, फोटो काढले. भला पोरगा होता. "पूर्ण नुकसान आहे, बाई. काम होऊन जाईल," असं सांगून गेला. जाताना तहसीलमधून पंचनाम्याची नक्कल आम्हीच मागवून घेतो म्हणाला. मी तेव्हा त्याला आग्रहाने चहा पाजत होतो.

ऑगस्टमध्ये पत्र आलं. नलूबाईंनी एकदा वाचलं आणि मला दिलं. "मोठ्यानं वाचा." मी वाचलं. सदर घराचा वापर राहण्याऐवजी कापूस साठवण्यासाठी होत होता, कापूस हा ज्वालाग्राही माल आहे, ही बाब आपण कंपनीपासून लपवली, सबब आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे.

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"कापूस?" त्या म्हणाल्या. "बाप्पा! कोनाचा कापूस? माह्या घरात?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. "मीच लिहायला सांगितला," एवढे तीन शब्द. पण माझी नोकरी पाच वर्षं उरली होती, सरकारी कागदावर खोटं लिहून घेतलेलं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गावात माझा मान. पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारणारा मी माणूस. मी पत्राची घडी घातली आणि म्हणालो, "काहीतरी चूक झाली असन कोनाची." लीलाबाई चुलीपाशी होती. ती माझ्याकडे पाहतच राहिली. मी बाहेर निघून गेलो.

नलूबाई बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी जुन्याच्या जागी बदलून आलेल्या नव्या तलाठ्याकडून भूमिहीन असल्याचा दाखला घेतला आणि कंपनीला पाठवला. ज्या बाईला वीतभर जमीन नाही तिच्याकडे कापूस कसा असेल, साधा सवाल होता. महिन्याने उत्तर आलं. आपल्याकडे शेती नाही असं आपणच कळवलं आहे. अर्थात तो कापूस दुसऱ्याचा होता आणि आपण घर गोदाम म्हणून वापरायला दिलं होतं, हे यावरून सिद्ध होतं.

हे वाचून मी अक्षरशः पाटावरून उठलो. इतकं सरळ वाकडं बोलता येतं, हे मला आयुष्यात माहीत नव्हतं. नलूबाई उठल्या नाहीत. त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "शेत असतं तरी मेली असती, नाही तरी मेली."

मग त्यांनी पंचनाम्याची नक्कल काढली आणि पंचांना गाठायचं ठरवलं. "भाऊ, तुम्हीबी चला माह्यासंगं." नाही कसं म्हणू? मी गेलो. माझी सहीही त्या कागदावर आहे हे त्यांना दिसतच होतं. मी सांगितलं होतं, की गडबडीत न वाचता केली. हे दुसरं खोटं.

मारोतरावांच्या ओसरीवर आम्ही बसलो. "कापूस लिहा असं कोनं म्हटलं, आबाजी?" नलूबाईंनी विचारलं. मारोतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली, चटईकडे. "बाई, तुह्या भल्यासाठीच लिहिलं सारं," म्हातारा म्हणाला. "कोनं म्हटलं ते आता आठवत नाही." मग लेखी द्या म्हटल्यावर ते घाबरले. "खोटं लिहिलं म्हनून या वयात आमालेच आत टाकतीन ना!" भीमसिंगांच्या दारात तर पाळण्यात जमनीची पोरगी होती. तिला नलूबाईंनी उचलून घेतलं, पाहिलं, परत ठेवलं. भीमसिंग तंबाखू थुंकून माझ्याकडेच बघत बोलले, "बाई, ज्याचं त्यानं सांगावं." मी जागचा हललो नाही. आणखी दोन दारं झाली. सगळ्यांना आठवत होतं, कोणीच नाव घेतलं नाही. मला वाचवत होते माझे गाववाले, आणि त्या बाईचं घर त्यात बुडत होतं. मला त्यांचा राग यायचा. स्वतःचा राग सोसवत नाही, तेव्हा माणूस दुसऱ्यावर काढतो.

शेवटी यवतमाळला ग्राहक मंचात केस लागली. सुरभी नावाच्या तरुण वकीलबाई होत्या. त्यांनी पहिल्याच भेटीत, माझ्यासमोर, स्पष्ट सांगितलं, "एक तरी पंच आपणहून उभा राहायला हवा. ओढून आणलेला साक्षीदार टिकत नाही. समोरचा वकील त्याला दोन प्रश्नांत मोडतो." नलूबाईंनी मान डोलावली. त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. नसलेल्या घराचे हप्ते त्यांच्या पगारातून दर महिन्याला कापले जात होते.

मार्चमध्ये सुनावणी झाली. मी सोबत म्हणून गेलो होतो, मागच्या बाकावर बसलो. कंपनीच्या वकिलाने पंचनाम्याची प्रत उंच धरली. "पाच प्रतिष्ठित माणसांच्या सह्या आहेत. पाचही जण खोटं बोलले असं या बाईंचं म्हणणं आहे काय?" मंचाच्या अध्यक्षांनी चष्म्यावरून नलूबाईंना विचारलं, "यातला कोणी इथे हजर आहे?"

नलूबाई उभ्या होत्या. त्या मागे वळल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मले नाही सांगता येत, साहेब."

मी कसा उठलो ते मला आजही सांगता येत नाही. "मी आहे साहेब. पंच क्रमांक तीन. कापूस मीच लिहायले लावला. बाई तवा तांड्यावर बाळंतपन करून राह्यल्या होत्या, त्याईले काहीच मालूम नव्हतं. घरात कापूस नव्हता."

तो वकील हसला. "गुरुजी, तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तवा."

"हे आम्ही कशावरून मानायचं?"

"तवा बोललो तं माह्यं काही जात नव्हतं," मी म्हणालो. "आता नोकरी जाऊ शकते."

वकील खाली बसला. अध्यक्षांनी त्याच दिवशी माझं प्रतिज्ञापत्र घ्यायला सांगितलं. निकाल मेमध्ये लागला, नलूबाईंच्या बाजूने, व्याजासकट. मला खात्याकडून नोटीस आली आणि एक वेतनवाढ थांबली, त्याचं मला काही नाही. पण मी सांगतोय ते त्याच दिवशीचं, परतीच्या एसटीतलं.

दारव्ह्याची गाडी होती. दोघांच्या बाकावर आम्ही शेजारी बसलो. मी वाट पाहत होतो, आता ही बाई मला फाडून खाणार. खायलाच हवं होतं. लाडखेड मागे पडलं तरी त्या खिडकीबाहेरच पाहत होत्या. शेवटी मीच तोंड उघडलं. "नलूबाई, मले माफ करा. सात महिने तुमच्यापासून लपवलं मी."

"मले मालूम होतं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, मोटारीच्या आवाजात मी नीट ऐकलं नाही. "काय मालूम होतं?"

"तुम्हीच लिहायले लावलं ते. पत्र आलं त्याच दिवशी वहिनीनं सांगतलं."

लीलाबाईने! रोज सकाळी मला चहा देणारी, दोघींनी एका चुलीवर भाकरी भाजलेल्या, आणि सात महिने एकीनेही मला चेहऱ्यावरून कळू दिलं नव्हतं. "मंग तुम्ही मले संगं घेऊन दारोदार..."

"म्हनूनच घेऊन गेली. म्हटलं, एखाद्याच्या तरी दारात तुमच्या तोंडातून निघन."

"अहो पन तुम्ही स्वतः काहून नाही बोलल्या? एका शब्दानं?"

"वकीलबाईनं काय सांगतलं, तुमच्यापुढंच तं सांगतलं. मी ओढून आनलं असतं तर तुम्ही दोन सवालांत मोडले असते." त्यांनी पदराने तोंड पुसलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "रोज सकाळी वाटे, आज सांगतीन. तुम्ही चहा प्यायचे अन् शाळेत निघून जायचे."

बोरी अरबचा फाटा जवळ आला होता. माझ्या तोंडून कसाबसा प्रश्न निघाला. "अन् मी आज उठलोच नसतो तर?"

नलूबाई माझ्याकडे वळल्या. बावीस वर्षांत त्यांनी मला असं पाहिलं नव्हतं.

"तर घरबी गेलं असतं," त्या म्हणाल्या, "अन् भाऊबी."

मग धूळ येत होती म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली.