चपला राखणारा गाईड

झरीचा मल्हार दहाएक वर्षं झाली लोकांना अलिबागचा समुद्रातला किल्ला दाखवायलाय, आणि त्या किल्ल्यात त्यानं स्वतः एकदाबी पाय ठेवलेला न्हवता. तुमी म्हणाल, असं कसं. असंच. मल्हारचं सगळंच असं हाय.

मुळात हा गडी मेंढरामागचा. बाप येडबा, माय भागुबाई, सगळा जल्म मेंढरं घेऊन रानोमाळ. बाप गेला, मेंढरं थोडी थोडी करून विकली, आणि मल्हारनं एक जुनी मिनीबस धरली. समोर काचेवर लिहिलं 'जय मल्हार टूर्स', त्यातला 'टू' निम्मा उडालेला. दिवाळी झाली, सोयाबीन घरात आलं की परभणी, झरी, सेलू, सोनपेठ असं करत माणसं गोळा करायची, वाटेत गणपती दाखवायचे आणि शेवटी अलिबागचा समुद्र.

पण मेंढरं गेली तरी मेंढपाळ गेला नाही ना! गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर हा मेंढराला खूण करायच्या रंगाचा एक हिरवा पट्टा ओढतो. गर्दीत आपला माणूस वळखू येतो म्हणून. या वर्षी सेलूच्या कावेरी मॅडम पैल्यांदाच आलत्या, शाळेवर शिकवत्यात, अंगावर कोरी करकरीत साडी. पट्टा ओढला तशा त्या किंचाळल्याच.

"अहो, साडी नवी आहे माझी!"

"मॅडम, नवी हाय म्हणूनच. हरवली तर केवढ्याला पडंल!"

"साडी हरवेल का मी?"

"दोघीबी एकदमच हरवतेत की."

आणि हा कधीच माणसं मोजत न्हाई. मोजायची गरजच न्हाई. चहाला गाडी थांबली की दारात उभा राहून नुस्ता एकदा नजर फिरवतो आन् म्हणतो, "एक कमी हाय. लाल मफलरवालं." मग तोंडात दोन बोटं घालून अशी शिट्टी मारतो की लाल मफलरवाला धोतर सावरत पळत येतो. लोकांना राग येत न्हाई. आमच्याकडच्या लोकांना परक्या गावात कुणीतरी हाकलायला लागतंच.

आता समुद्राचं. आपल्याकडं पाणी म्हणजे काय? नळाला आठवड्यानं येतं ते, आन् धरणातून सोडतेत ते. त्यामुळं भरती-ओहोटी हे प्रकरण आपल्या माणसाच्या डोक्यात शिरतच न्हाई. सकाळी किल्ला पाण्यात, दुपारी बघावं तर पाणी गायब, माणसं चालत किल्ल्यात चाललीत! दर टूरला कुणीतरी विचारतंच, "मल्हारराव, हे पाणी कुठून सोडतेत?" आणि मल्हार बिनधास्त सांगतो, "हापिस हाय त्याचं. दिवसातून दोन बार बंद करतेत, दोन बार सोडतेत. पाळीचं पाणी हाय." सोनपेठचे तात्याराव तीन वर्षांपासून येतेत, तरी त्यांना अजून वाटतं की येलदरी धरणासारखं कुठंतरी गेट हाय.

दुसरी थाप तर याच्याबी वरची. त्या किल्ल्यात गोड्या पाण्याची जागा हाय. चहूकडून खारा समुद्र आन् मधी गोड पाणी! हे खरंच हाय. पण लोक विचारतेत की हे गोड पाणी आलं कुठून. मल्हारला काय म्हाईत? मग त्यानं एकदा ठोकून दिलं, "आपलीच गंगा हाय ही. सोनपेठपाशी गोदावरीचं थोडं पाणी जमिनीखाली शिरतं ते डायरेक निघतं इथं." झालं. तात्यारावांचा ऊर असा भरून आला की ते दर वर्षी येऊन पाणी पितेत आन् डोळे मिटून म्हणतेत, "आपल्याकडचंच हाय. चव लागलीच."

हा सगळा इतिहास मल्हार वाळूत उभा राहून सांगतो. मग म्हणतो, "आता तुमी जाऊन या. म्या चपला राखतो." लोक चपला काढतेत, गुडघ्याएवढ्या पाण्यातून हसत-खिदळत किल्ल्याकडं जातेत, आणि हा पोत्यात सगळ्यांच्या चपला भरून पोत्यावर राजासारखा बसतो. कुणाला कधी शंका आली न्हाई. उलट लोक म्हणायचे, किती काळजी करतंय बिचारं.

खरं कारण एकच. मल्हारला पाण्याची भ्या वाटते. घोट्याच्या वर पाणी आलं की संपला गडी.

आणि हे सगळ्या दुनियेत एकीलाच म्हाईत होतं, भागुबाईला. मल्हार लहान होता तवाची गोष्ट. सोनपेठच्या अलीकडं गोदावरी ओलांडायची होती. मेंढरं पाण्यात शिरंनात. मग मेंढपाळ काय करतेत, पुढं चालणाऱ्या मेंढीचं कोकरू उचलतेत आन् आधी पाण्यात नेतेत. कोकरू ओरडलं की माय शिरते पाण्यात, मायच्या मागं सगळा कळप. येडबानं कोकरू दिलं मल्हारच्या काखेत. मधी गेल्यावर पोराचा पाय घसरला. कोकरू पोहून पलीकडं गेलं आन् पोरगं बुडालं! भागुबाईनं केस धरून वर काढलं. त्यानंतर कितीतरी दिवस जिथं मुक्काम पडंल तिथं लोक कोकराचं कौतुक करायचे. मल्हारचं कुणीच न्हाई.

तर या वर्षी भागुबाई म्हणली, "मला यायचंय."

मल्हार म्हणला, "माय, गुडघे दुखतेत तुझे."

"गुडघे घरी बसूनबी दुखतेत."

"गाडी लागते तुला."

"लिंबू घेते."

"माय, तिथं काय न्हाई बघायला. नुस्तं पाणी."

"आन् मग लोकांकडून काय दाखवायचे पैशे घेतोस? सगळ्या झरीला म्या सांगत फिरते, माझं पोरगं समुद्रात गंगा दाखवतंय. मरायच्या आधी मला त्या गंगेचं पाणी पाज, बस."

झालं ना वाट्टोळं. मायला न्यायचं म्हणजे हात धरून पाण्यातून न्यायचं. आन् न न्यावं तर भर गाडीसमोर कळणार की गाईडला गुडघाभर पाण्याची भ्या वाटते, आन् हा दहा वर्षं जे सांगतोय ते ह्यानं बघितलेलंच न्हाई. परभणी जिल्ह्यात बातमी पसरायला किती वेळ लागतो तुमाला म्हाईतच हाय. कोण बसंल मग त्या निम्म्या उडालेल्या 'टू'च्या मागं?

त्यात वाटेत भागुबाईनं गाडी थांबवली. नगरच्या पुढं रस्त्यात मेंढरं लागली. ही खाली उतरली ती उतरलीच. एका मेंढीचा खूर बघितला, मालकाला झापलं, "मुकं जनावर लंगडायलंय, डोळे फुटलेत का?" मालकानं च्या पाजला. गाडीतली माणसं आतून बोंबलायलीत, ही बाहेर कुणाची पोरगी कुठं दिलीय ते विचारायली. गाडी अलिबागला पोचली तवा पाणी मागं गेलेलं होतं खरं, पण परत यायच्या बेतात होतं. किल्ल्यात माणसं नेणारा घोडागाडीवाला वरडायला, "जायचं असंल तर लगेच निघा, नायतर राहूद्या!"

मल्हारला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "राहूद्या मंडळी! पुढच्या वर्षी बघू!"

तात्याराव भडकले. "का बरं? आम्ही गंगेचं पाणी प्यायला आलोत. चला रे!" तात्याराव शिरले पाण्यात, त्यांच्या मागं सगळा कळप. चपला पोत्यात. मल्हार पोत्यावर.

भागुबाई नऊवारीचा काचा मारून, काठी घेऊन उभी. "चल."

"माय, चपला..."

"चपला राखायला जल्माला घातलं का तुला?"

"माय, तू घोडागाडीत बस ना. भाडं देतो मी."

"मेंढरामागं जल्मभर चालले म्या. घोड्याच्या ढुंगणाकडं बघत गंगेला जाऊ?" असं म्हणून म्हातारी एकटीच निघाली. एक न्हाई, दोन न्हाई, मागं वळून बघणं न्हाई. आणि निम्म्यात गेली, जिथं पाणी गुडघ्याच्या वर लागतं, तिथं तिनं काठी रोवली आन् उभीच राहिली. पुढंबी न्हाई, मागंबी न्हाई.

घोडागाडीवाला वरडायला, "आजी, पाणी चढतंय! चला!"

"माझं लेकरू येऊ द्या."

"कुठंय लेकरू?"

"ते काय, मिशावालं."

आता सगळे थांबले. पुढं गेलेले वळून बघायले. कावेरी मॅडमनं तर मोबाईल वर काढला. आन् भागुबाई तिथून भर समुद्रात मोठ्यानं, "मल्ल्या! त्या दिशी कोकरू आधी पाण्यात घातलं म्हणून मेंढी आली. आज मेंढी पाण्यात हाय! कोकराला यावं लागंल!"

मल्हार उठला. बसला. परत उठला. पाणी म्हातारीच्या मांडीला लागायलं. त्याच्या डोळ्यातून घळाघळा पाणी यायलं, आणि खरं सांगायचं तर हे लिहितानाबी हसावं का रडावं कळंना, कारण त्यानं काय केलं म्हाईतंय? इतकी वर्षं चपला राखायचं निमित्त सांगितलं होतं ना, आता ते सोडवंना! ते एवढं मोठं पोतं पाठीवर घेतलं आन् देवाचं नाव घेत शिरला पाण्यात.

घोट्यापर्यंत ठीक. पोटऱ्या भिजल्या तसा डोळे मिटून चालायला. "माय, कुठाय तू?" "इकडं. आवाजावर ये." "अजून किती?" "आलास की, आला माझा राजा." आणि मायपाशी पोचायला दोन पावलं राहिली तवा लाट आली, पोतं भिजून जड झालं, आणि मल्हार आडवा! पोत्याचं तोंड सुटलं. सगळ्या गाडीच्या चपला, सँडल, बूट, तात्यारावांच्या करकर वाजणाऱ्या वहाणा, सगळं समुद्रावर तरंगायलं. भागुबाईनं परत एकदा केस धरून वर काढलं. आता केस कमी होते, म्हणून कानबी धरला.

"मेलो का माय?"

"गुडघाभर पाण्यात कोण मरतंय मुडद्या! उठ. आन् डोळे उघड, बघ जरा."

त्यानं डोळे उघडले. समोर किल्ल्याची भिंत होती, काळी, ही मोठी. आयुष्यात पैल्यांदा एवढ्या जवळून. मायचा हात धरून तो तसाच नाकातोंडातून खारं पाणी गाळत आत गेला.

आत गेल्यावर तात्याराव म्हणले, "हं, मल्हारराव, आता इथला सांगा इतिहास." सगळे भिजलेले, अनवाणी, याच्या तोंडाकडं बघायलेत. मल्हार इकडं बघतोय, तिकडं बघतोय. देऊळ कुठं, पाणी कुठं, काही पत्ता न्हाई. एका भिंतीकडं बोट करून म्हणला, "ही... भिंत हाय."

कावेरी मॅडम म्हणल्या, "ते दिसतंय."

मल्हार खाली बसला. "म्याबी आजच आलोय," एवढंच म्हणला.

लाल मफलरवाला म्हणला, "म्हणजे आमी आंधळ्याच्या मागं आलो व्हय!" मग जो हशा झाला! पोटं धरून. मॅडम तर पायरीवर बसून हसायल्या, हिरवा पट्टा दाखवून म्हणायल्या, "आणि मला म्हणे हरवाल!" मल्हारला वाटलं भिंतीत शिरावं.

पण तात्यारावांना हसू आलं न्हाई. त्यांना चेव आला. "हसता काय रे? बाजूला सरका. मी सांगतो." आन् लागले की सांगायला! मल्हारनंच वाळूत सांगितलेल्या सगळ्या थापा, पण तात्यारावांनी वरून मसाला टाकलेल्या. किल्ल्यावरच्या तोफेचा आवाज मल्हारनं पुण्यापर्यंत नेलता, तात्यारावांनी तो परभणीपर्यंत नेला, आन् निजामाच्या हातातला च्या सांडला म्हणले. मल्हार आ वासून ऐकायला. मधीच त्यानं विचारलं, "खरंच व्हय तात्या?" तात्याराव म्हणले, "अरे, तुझ्यासारख्या जाणकारानंच सांगितलंय मला!"

मग पाण्यापाशी गेले. भागुबाईनं ओंजळीत घेतलं, प्यायली. तात्याराव डोळे मिटून उभे. मल्हारचा जीव टांगणीला. गंगा बिंगा काय न्हाई हे मायला कळलं तर?

"माय, कसंय?"

भागुबाईनं परत एक घोट घेतला. तोंड पुसलं. "आपल्या शेजारच्या आडासारखंच हाय की. एवढ्यासाठी येवढा समुद्र ओलांडला?" आन् मग परत ओंजळ भरून ती मल्हारच्या डोक्यावर ओतून म्हणली, "गोड हाय पण. घे, खारट झालास."

तेवढ्यात भरती चढली. चहूकडं पाणी, परत जायचा रस्ता बंद. तात्याराव म्हणले, "सोडलं बघा पाणी हापिसानं." पुढची ओहोटी होईपर्यंत अडकले सगळे. भागुबाईनं कमरेचं गाठोडं सोडलं, भाकऱ्या काढल्या, वल्ल्याच निघाल्या, खाऱ्या झालत्या. तशाच ठेच्यासंगं वाटल्या. मॅडमनं दोन खाल्ल्या. मल्हार सगळा किल्ला फिरला. प्रत्येक दगडाला हात लावला. पाणी उतरायला लागलं तसा रखवालदार दार लावायचंय म्हणून हाकलायला, तरी हा निघंना.

पाणी पुरतं वसरलं तशी शिट्टी मारून मल्हार सगळ्यांच्या पुढं निघाला. हात मायनं धरलेला होता, पण पुढं तोच. किनाऱ्यावर येऊन बघतेत तर काय, भरतीनं सगळ्या चपला परत आणून वाळूवर टाकल्यात! इथून तिथपर्यंत, रांगंनं. च्यावालीनं तर अर्ध्या गोळा करून ढीग लावलता. तात्यारावांच्या वहाणा आल्या, मॅडमचे सँडल आले. एकच गेली, मल्हारची डावी.

लाल मफलरवाला म्हणला, "काय गाईड, चपला तर समुद्रच राखतोय की. पुढच्या बारीला तू काय करणार?"

मल्हारनं ढिगातून उजवी काढली, हातात धरून बघितली, आन् दिली पाण्यात फेकून. "येतो की आत," म्हणला. "माय, तू यायलीस न्हवं?"

"दर वर्षाला कोण येतंय!" भागुबाई गाडीकडं चालायली. "तात्याचा हात धर."