डाव्या डोळ्यातला माणूस

राजूरकडच्या एका खाणीत वर्षाचं मेडिकल जवळ आलं की डंपरवाल्यांची शाळा भरते. रक्त-लघवीचं कुणाला काही वाटत नाही, भीती ती डोळ्यांच्या तक्त्याची. दवाखान्यातला तक्ता गेल्या अकरा वर्षांत बदललेला नाही. म्हणून ज्याचा नंबर आधी लागतो तो बाहेर येऊन बाकीच्यांकडून अक्षरं घोकून घेतो. ई. एफ पी. टी ओ झेड. इंग्रजीत सही न येणारेही खालची ओळ पाढ्यासारखी म्हणतात. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण ज्याचं पोट डोळ्यांवर आहे त्याला हसून भागत नाही.

पंजाबरावांना ही अक्षरं मागच्या वर्षी पूनमसिंगने पाठ करून दिली. पूनमसिंग त्यांच्या डंपरमागे उभा राहून झेंडी दाखवायचा. हिरवी म्हणजे मागे ये, लाल म्हणजे थांब. तेवीस वर्षांची जोडी. पंजाबरावांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, हे घरच्यांखेरीज त्यालाच ठाऊक होतं.

"ऑपरेशन केलं तर गाडी दुसऱ्याले देऊन टाकतीन," पंजाबराव म्हणाले होते.

"मंग पाठ कर," पूनमसिंग म्हणाला. "मांगं मी आहोच ना."

पाठ झालं. फिट म्हणून कागद मिळाला. आणि महिन्याभरात, एका धुक्याच्या सकाळी, माती ओतायला मागे घेतलेल्या त्याच डंपरखाली पूनमसिंग सापडला. डाव्या बाजूला. चौकशीत साहेबांनी विचारलं, त्याने झेंडी दाखवली होती का? पंजाबरावांना झेंडी दिसली नव्हती. त्यांनी सांगितलं, झेंडी नव्हतीच. कागदावर चूक मेलेल्या माणसाच्या नावाने चढली. मेलेला काय उलटून बोलणार? त्याच्या जागी त्याची बायको बेबीताई कामाला लागली, आणि आता तीच त्या जागी झेंडी घेऊन उभी राहते.

यंदा मेडिकलला आठ दिवस उरले, तेव्हा पंजाबरावांनी उजळणी काढली. संध्याकाळी ओसरीवर बसून उजवा डोळा तळहाताने झाकला. डावा डोळा म्हणजे नुसतं ताक. भिंत नाही, दार नाही, समोर तूर निवडत बसलेली बायको, कौसल्या नाही. पण त्या ताकात लांबवर एक माणूस उभा होता. हात काढला, तर समोर कौसल्या आणि तिचं सूप.

दुसऱ्या दिवशी तो माणूस थोडा जवळ आला होता. तिसऱ्या दिवशी आणखी. पूनमसिंगला प्रत्येक ओळीआधी खाकरायची सवय होती. शिकता शिकता ती पंजाबरावांनाही लागली होती. चौथ्या दिवशी ते ओळ म्हणायला गेले आणि त्यांच्या आधीच डावीकडून कुणीतरी खाकरलं. पंजाबरावांनी झटकन डोळ्यावरचा हात काढला.

"तुम्ही आजकाल असे काहून चालता?" कौसल्याने विचारलं.

"कसा?"

"एका बाजूनं. डावीकडं कोणाले तरी जागा देऊन राह्यले जसे."

पंजाबराव उठून आत गेले. चोराच्या मनात चांदणं.

मेडिकलच्या दिवशी ते उपाशीपोटी उठले. सकाळची लघवी बाटलीत घेतली, धुतलेला सदरा घातला आणि निघण्याआधी एकदाच डोळा झाकून पाहिला. पूनमसिंग हातभर अंतरावर होता. त्याच्या खाकी शर्टाचं तिसरं बटण लाल दोऱ्याने शिवलेलं स्पष्ट दिसलं. सगळा माणूस दिसत होता, फक्त हात दिसत नव्हते. ते त्याने पाठीमागे घेतलेले होते.

दवाखान्यात रक्त झालं, छातीचा फोटो झाला. डोळ्यांच्या खोलीबाहेर बाकावर बेबीताई बसली होती, तिचंही मेडिकल आजच होतं.

"भाऊ, फिट होऊन या लवकर," ती म्हणाली. "दुसऱ्या पाळीत तुमच्याच गाडीमांगं आहो मी."

पंजाबराव तिच्याकडे न पाहताच आत गेले.

उजव्या डोळ्याने त्यांनी खालच्या ओळीपर्यंत धडाधड वाचलं. मग डॉक्टरांनी उजव्या डोळ्यावर काळी झाकणी धरली. "आता डाव्याने वाचा."

समोर तक्ता नव्हता. पूनमसिंग होता. तो खाकरला. पंजाबरावांच्या ओठांवर सगळी अक्षरं रांगेने येऊन उभी राहिली. आता फक्त तोंड उघडायचं, की आणखी एक वर्ष गाडी त्यांची. तेवढ्यात पूनमसिंगने पाठीमागचे हात पुढे आणले. हातात झेंडी होती. लाल, एक कोपरा फाटून लोंबणारा.

"वाचा ना काका, थांबलात कशाला?"

"थांब म्हणून राह्यला साहेब तो," पंजाबराव म्हणाले. "मले ह्या डोळ्यानं काही दिसत नाही. मागच्या वर्षीबी दिसत नव्हतं. तसं लिहा."

डॉक्टरांनी लिहिलं. पंजाबराव कागद घेऊन बाहेर आले आणि बेबीताईसमोर उभे राहिले.

"बाई, मी खोटं बोललो. त्या दिवशी पूनमनं झेंडी दाखवली होती. मलेच दिसली नाही."

बेबीताईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मांडीवरची पिशवी उघडली आणि तिने रोजची ड्युटीची झेंडी काढून बाकावर पसरली. लाल झेंडी. एक कोपरा फाटून लोंबत होता.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "घरी आणलं तेव्हा मूठ उघडत नव्हती त्याची. मीच उघडली. आत ही होती."

पंजाबरावांनी झेंडीचा फाटका कोपरा बोटांत धरला.

"वर्षभर हीच धरून उभी राह्यतो तुमच्या मांगं," बेबीताई म्हणाली. "एक दिवस तरी तुम्हाले दिसन म्हणून."