लाल चौकोन निळ्याच्या पुढे

त्या आठवड्यातलं चौथं गिऱ्हाईक हेल्मेट काढून थेट दाराबाहेर पळालं आणि पायरीवर डोकं धरून बसलं. बाळूशेठनी त्याला लिंबूपाणी पाठवलं. मग माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, "सोनवणे, तुम्ही तर ओके लिहून दिलं होतं."

दिलं होतं. दुरुस्तीच्या जॉबकार्डावर माझी सही होती, आणि माझ्या सहीचा मला भलताच अभिमान होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सातपूरला एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्स मेंटेनन्सला होतो. पहिली पाळी साडेतीनला सुटली की मी कॉलेज रोडवर बाळूशेठच्या गेम पार्लरमध्ये जायचो. बाळूशेठ मूळचे मखमलाबादकडचे, घरची गुलाबाची शेती. फुलं सोडून हा माणूस गेममध्ये कसा शिरला हे त्यांच्या वडिलांना शेवटपर्यंत उमगलं नाही. मुंबईच्या एका डीलरकडून त्यांनी व्हर्च्युअल रिॲलिटीचं मशीन आणलं होतं, आणि नाशिकमधला सर्व्हिसचा माणूस म्हणून डीलरनं मला नेमलं होतं.

आज अशी हेल्मेटं मोबाइलच्या दुकानातही मिळतात. तेव्हा लोक नुसतं बघायला यायचे. मशीन म्हणजे चार गोष्टी. एक दणकट कॉम्प्युटर, कारण त्याला एकाच वेळी दोन चित्रं काढावी लागतात. ती चित्रं दाखवायला हेल्मेटच्या आत काडेपेटीएवढे दोन पडदे, एकेका डोळ्यापुढे एकेक. पडदा डोळ्याच्या इतका जवळ असला की धूसरच दिसणार, म्हणून मध्ये भिंगं. आणि कपाळावर एक सेन्सर. तुम्ही मान वळवली की सेन्सर कॉम्प्युटरला कळवतो, कॉम्प्युटर चित्र तेवढंच वळवतो, आणि तुम्हाला वाटतं आपण खरंच तिथं उभे आहोत. बाकी हातात धरायची बंदूक, मनगटाएवढी जाड केबल, आणि पडू नये म्हणून कमरेभोवती कठडा.

खरं सांगायचं तर मी तिथं मशीनसाठी जात नव्हतो. सातपूरला मी एका खोलीत राहायचो. खोलीत दुसरा आहेर, नांदगावचा. पण माझी पहिली पाळी तर त्याची दुसरी. माझी बदलली की त्याचीही बदलायची. तो यायचा तेव्हा मी झोपलेला, मी निघायचो तेव्हा तो झोपलेला. तीन वर्षं आम्ही दाराच्या मागे खडूनं लिहून एकमेकांशी बोलत होतो. "गॅस संपत आलाय." "ओट्यावर चहा सांडू नको." आईवडील गेलेले, लग्न जमलं नाही, गावी सटाण्याला आता कोणी उरलं नव्हतं. दिवसभरात माझ्याशी माणसासारखं बोलणारी दोनच माणसं होती, बाळूशेठ आणि काउंटरवर बसणाऱ्या त्यांच्या मिसेस, सुनंदावहिनी. संध्याकाळी तिथं मला चहा मिळायचा आणि "बसा दादा" म्हणायला कोणीतरी असायचं. मशीन गेलं तर माझं तिथं काय काम?

आणि मशीन जाणारच होतं. मुंबईच्या साहेबांनी फोनवर सांगितलं, "शनिवारी टेम्पो पाठवतोय. तोपर्यंत ठीक झालं नाही तर मशीन परत, आणि तुमचं कामही बंद. लोक नावाला शिव्या घालतायत." तो सोमवार होता.

मळमळ होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे उशीर. मान वळते आत्ता आणि चित्र वळतं क्षणभरानं. कानातला तोल एक सांगतो, डोळा दुसरंच. बस लागते तसं होतं. मंगळवारी मी कॉम्प्युटर उघडला, पंख्यातली धूळ काढली, चित्रं काढणारं कार्ड काढून परत बसवून पाहिलं. उशीर नव्हता. बुधवारी शंका सेन्सरवर गेली. त्यातला एक भाग होकायंत्रासारखा चालतो, आणि मशीन लोखंडी शटरला खेटून उभं होतं. तिघांनी मिळून ते आतल्या भिंतीकडे सरकवलं. मी हेल्मेट घालून मान गरागरा फिरवली. चित्र जागच्या जागी. भिंगं पुसली, दोन डोळ्यांतलं अंतर जुळवायची चकती फिरवून पाहिली. सगळं झकास. बुधवारीच संध्याकाळी एका कॉलेजच्या पोरीनं पाच मिनिटांत हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "डोळे ओढल्यासारखे होतात."

मी पुन्हा फोन केला. साहेबांनी विचारलं, "मागच्या महिन्यात तुम्ही हेल्मेट उघडलं होतं ना? पडद्यांच्या केबल उलटसुलट तर नाही लागल्या?"

"नाही साहेब. मी स्वतः घालून बघितलंय."

हे मी जरा तोऱ्यातच म्हणालो. महिन्यापूर्वी घामानं एक पडदा बंद पडला होता. मी हेल्मेट खोललं, दोन्ही पडद्यांच्या केबल काढल्या, पुसल्या, परत लावल्या. दोन्ही केबल हुबेहूब सारख्या. पण त्यासाठीच तर टेस्ट होती. मॅन्युअलमध्ये शेवटची पायरी असते. निळा मोठा चौकोन, त्याच्या मधोमध लाल छोटा चौकोन. खाली लिहिलेलं: लाल चौकोन निळ्याच्या पुढे दिसला पाहिजे. मी बघितलं, लाल चौकोन निळ्यावर काढलेला होता. पुढेच होता. टिक केली, सही केली.

गुरुवारी दुपारी पार्लर रिकामं होतं. बाळूशेठ बाजारात गेले होते. वहिनी काउंटरमागे बसून हार ओवत होत्या. घरची फुलं अजून सुटली नव्हती. एका मंगल कार्यालयाला रोजचे हार त्याच द्यायच्या, आणि गिऱ्हाईक नसलं की टोपलं काउंटरवर यायचं. मी टेस्टचं चित्र लावून हेल्मेट हातात घेऊन नुसता बसलो होतो. काय शोधायचं तेच कळत नव्हतं.

वहिनी म्हणाल्या, सगळं नाशिक यात डोकं घालून गेलं, मीच तेवढी राहिले. मशीन जायच्या आधी एकदा बघू का? मी हेल्मेट त्यांच्या डोक्यावर बसवून दिलं आणि पट्टा आवळला. काय दिसतं म्हणून सहज विचारलं.

"निळं हाय. आणि मधी लाल, पार आत गेल्यावाणी. खिडकीच्या पलीकडं कोणी ठेवलंय जसं."

"आत कसं असेल वहिनी? ते निळ्याच्या वर काढलंय."

"मला काय ठाऊक दादा. दिसतंय ते सांगते. लाल मागं हाय, निळं पुढं. बघवत नाय, डोळे तिरळे व्हायला लागले."

त्यांनी हेल्मेट काढलं. मी घातलं. निळा चौकोन, त्यावर लाल चौकोन. आत नाही, बाहेर नाही. मी म्हणालो, मला तर बरोबर दिसतंय. त्या म्हणाल्या, बरोबर म्हणजे कसं? मी म्हणालो, लाल रंग निळ्यावर आहे, म्हणजे पुढे आहे. त्या म्हणाल्या, "समजतं ते सांगू नका. दिसतं काय ते सांगा."

पुढे दिसणं म्हणजे आणखी वेगळं काय असतं, हेच मला माहीत नव्हतं.

मग त्यांना काहीतरी आठवलं. मागं एकदा मी त्यांना सुईत दोरा ओवून दिला होता, तेव्हा सुई ओठाला लावून चाचपत ओवली होती. त्यांना तेव्हाच गंमत वाटली होती. त्यांनी टोपल्यातून हाराची लांब सुई काढली आणि टोक वर करून हातभर अंतरावर धरली. दुसरी सुई माझ्या हातात दिली. म्हणाल्या, वरून आणा आणि टोकाला टोक लावा.

सोपं काम. मी सुई खाली आणली आणि ती त्यांच्या सुईच्या चांगली चार बोटं पलीकडून हवेत गेली. पुन्हा केलं. या वेळी अलीकडून गेली. तिसऱ्यांदा मला राग आला.

त्यांनी सुया बदलून घेतल्या आणि पहिल्याच फटक्यात टोकाला टोक लावलं. मग एक डोळा हातानं झाकला आणि परत केलं. चुकलं. पुन्हा चुकलं. त्या हसायला लागल्या आणि मग हसता हसता थांबल्या.

"दादा, एक डोळा झाकल्यावर मला होतंय ना, ते तुम्हाला दोन्ही उघडे असून होतंय."

मी एक डोळा मिटला. पार्लर होतं तसंच दिसलं. उघडला, मिटला. काही फरक नाही. मी विचारलं, तुम्हाला फरक पडतो? त्या म्हणाल्या, पडतो तर. दोन्ही उघडले की सगळं आपापल्या जागेवर जातं.

मी वयाच्या चाळिशीत होतो. आठ महिने लोकांना सांगत होतो की डोळे दोन, त्यांना दोन चित्रं थोडी वेगळी मिळतात, मेंदू ती जोडतो आणि चित्राला खोली येते. पाठ होतं मला ते. आणि ती खोली मी स्वतः जन्मात कधी पाहिली नव्हती. सटाण्याला पोरं मला क्रिकेटमध्ये घ्यायची नाहीत. चेंडू माझ्या छातीवर येऊन आदळायचा, हात नंतर उठायचे. मास्तर म्हणायचे लक्ष नाही, बाप म्हणायचा धांदरट. शेवटी मी स्कोअर लिहायला बसायचो. चित्र कसं उठून दिसतंय असं लोक म्हणायचे, तेव्हा मला वाटायचं, बोलायची पद्धत असेल. मला इतकं एकटं त्याआधी कधी वाटलं नव्हतं, आणि एकटेपणाचा मला बऱ्यापैकी सराव होता. इतके दिवस वाटायचं, माणसं नसली तरी जग तर सगळ्यांना तेच आहे. तेही तसं नव्हतं.

वहिनींनी चहा टाकला.

हेल्मेट खोलायला दहा मिनिटं लागली. डावी केबल उजवीकडे, उजवी डावीकडे लावली. डाव्या डोळ्याचं चित्र उजव्याला जात होतं, त्यामुळे जवळचं लांब आणि लांबचं जवळ झालं होतं. मेंदू ते जुळवायला धडपडायचा आणि माणूस पायरीवर डोकं धरून बसायचा. मी मात्र ते मशीन महिनाभर रोज घालत होतो आणि मला साधी जांभईसुद्धा आली नव्हती.

वहिनींनी परत हेल्मेट घातलं. काही बोलायच्या आत त्यांचा हात आपोआप पुढे गेला, हवेत, समोरचं काहीतरी उचलायला. मला तेवढं पुरलं.

साहेबांना फोन लावला. त्यांनी विचारलं, फॉल्ट काय होता? आमच्या धंद्यात लूज कॉन्टॅक्ट म्हटलं की वाटेल ते पाप धुतलं जातं. शब्द ओठावर आला होता. पण समोर वहिनी हार ओवत होत्या, आणि साहेबांना मी तोऱ्यात सांगितलेलं वाक्य मला आठवत होतं. मी म्हणालो, "केबल उलट्या होत्या साहेब. मीच लावलेल्या. आणि मला ते दिसत नाही. दोन्ही डोळ्यांचं मिळून मला दिसतच नाही."

मग ते म्हणाले, "हात तुमचा चांगला आहे. पण मग चेकिंग कोण करणार?"

मी तेच वाक्य वहिनींसमोर म्हणून दाखवलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "मी करते म्हणावं."

शनिवारचा टेम्पो आला नाही. दिवाळीच्या सुट्टीत रांग रस्त्यापर्यंत गेली, आणि पायरीवर बसले ते नंबर लागायची वाट बघणारे.

नंतर मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितलं, दोन्ही डोळे चांगले आहेत, पण ते एकत्र काम करत नाहीत. लहानपणी बारीकसा तिरळेपणा असणार, कोणाच्या लक्षात आला नाही. एक बघतो तेव्हा दुसरा गप्प, दुसरा बघतो तेव्हा पहिला गप्प. या वयात आता फारसं काही होणार नाही. मी मनात म्हटलं, म्हणजे मी आणि आहेर.

त्याच महिन्यात एका रविवारी आहेर आणि मी दोघंही जागे असताना खोलीत सापडलो. फार दिवसांनी समोरासमोर चहा घेतला. मी त्याला विचारलं, तो वायरला लटकलेला बल्ब तुला भिंतीच्या पुढे दिसतो का? तो म्हणाला, "मग? पुढंच हाय ना तो." मी म्हणालो, हो, आहे तर पुढंच. तो गेल्यावर मी दाराच्या मागचं त्याचं "ओट्यावर चहा सांडू नको" पुसलं आणि त्या जागी लिहिलं, "कपात तू ओतत जा."

पार्लर पुढे दोन-अडीच वर्षांत बंद झालं. मी कारखान्यातून रिटायर होईपर्यंत आणि नंतरही बरीच मशीनं दुरुस्त केली, पण शिकलो ते एवढंच: ज्यानं दुरुस्त केलं त्यानं तपासायचं नाही. माझ्या प्रत्येक जॉबकार्डावर दोन सह्या असतात. एक माझी, आणि दुसरी ज्याला दिसतं त्याची.