पठाणपुरा गेटापाशी वाजलेला हॉर्न

नागपूर-चंद्रपूर रोडवर ज्यानं पहिलेच्या काळात एसटीनं प्रवास केला, त्याले आनंदराव रामटेकेचा हॉर्न माहीत असणारच. एक लांब, दोन तोकडे. तो वाजला का समजायचं, गाडी सुटली. मंग तुमच्या हातात अर्धा समोसा असो, नाही तं तुमचं पोट्टं झाडामागं बसलेलं असो, आनंदराव थांबत नव्हते. "एकासाठी थांबलो का पुढच्या स्टॉपचे लोकं खोळंबतात," असं त्याईचं म्हणणं. अन् नियम सगळ्याईले सारखा. बायकोलेही.

बायकोलेही म्हणजे खरंच बायकोले! लग्नाले वरीसही झालं नव्हतं. जया माहेरी चालली होती चंद्रपूरले, नवऱ्याच्याच गाडीत, पुढच्या सीटवर, कोरी साडी नेसून. वाटेतल्या जाम गावच्या स्टॅण्डवर पाणी प्यायले उतरली अन् हॉर्न वाजला. कंडक्टर मनोहरराव ओरडला, "थांब गा, वहिनी राह्यली खाली!"

आनंदराव म्हणे, "मागून दुसरी गाडी हाये नं. येईन तिच्यात." अन् टाकला गिअर. जया हात हलवत पळताना आरशात दिसली त्याईले.

हा किस्सा आनंदराव प्रत्येक लग्नात सांगत. लोकं हसून हसून लोळत. जयाही हसे, म्हणजे तोंडाले पदर लावे. हसतच असन, असं आनंदरावले वाटे.

जयाचं माहेर पठाणपुऱ्यातलं. चंद्रपूर म्हणजे गोंडराजाचं शहर, जुन्या गावाभोवती सारा दगडी परकोट अन् त्याले मोठमोठे दरवाजे. त्यातल्या पठाणपुरा गेटाच्या आत, भिंतीले लागूनच तिचं घर होतं. उन्हाळ्यात माय परकोटावर कुरोड्या वाळू घाले अन् कावळे हाकलाले जयाले बसवे. तिथून नदी दिसे. बाप नदीपलीकडं वीटभट्टीवर कामाले. संध्याकाळी तो कोरड्या पात्रातून चालत येई, अन् साऱ्या गल्लीत पहिले जयालेच दिसे. ती वरूनच ओरडे, "माय, बाबा आले वं!" मंग माय तवा ठेवे. बाप म्हणे, "माह्या पोरीची नजर घारीची हाये."

मायबाप गेले, भावानं घर विकलं, अन् माहेर तुटलं ते तुटलंच. "एकडाव परकोटावर न्या नं जी," जया म्हणे. "नेऊ नं," आनंदराव म्हणत. ते स्वतः तं सारी नोकरी चंद्रपूरले जात होते! पण स्टॅण्ड पडलं जटपुरा गेटाच्या बाहेर. डब्बा खाल्ला, काच पुसली, वापस. गेटाच्या आत काय हाये हे त्याईनं कधी पाह्यलंच नाही.

रिटायर झाले, नागपुरात बेसाले फ्लॅट घेतला, अन् मागल्या वर्षी त्या घारीच्या डोळ्यात काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणे, गेलेली नजर वापस येत नाही, उरलेली किती टिकन सांगता येत नाही. घरी आल्यावर जया मेथी निवडत बसली होती, बोटानंच जास्त. एकदम म्हणे, "दिसते तवर न्या जी. मंग नेऊन काय फायदा?"

दिवाळीच्या सुट्टीत निघाले सगळे. पोरगा रोशन, सून भावना, नात पायल, अन् हे दोघं. गाडी रोशनची, पण स्टेअरिंग आनंदरावच्याच हातात. अंधार पडायच्या आत वापस येताना नागपुराजवळची बुटीबोरी पार झाली पाहिजे, हे त्याईनं निघतानाच सांगून ठेवलं.

जटपुरा गेटातून शिरताना पायल खिडकीतून अर्धी बाहेर. "आबाजी, हा दगडातला सिंह हत्तीच्या वर काहून उभा हाये?"

"असन काही तरी. तू मुंडकं आत घे पहिले."

"बाबा, आपण सुट्टीवर आलो, ड्युटीवर नाही," भावना म्हणे.

"त्याईचा पगार चालू कर वं, मंग थांबतीन," रोशन म्हणाला, अन् सगळे हसले.

जया मात्र सगळ्याईले दाखवत सुटली. इथं चक्की होती, इथं माही शाळा, इथं मी पडली होती अन् हा दात तुटला. अर्धं तिले दिसत होतं, अर्धं आठवत होतं, कोणतं कोणतं ते तिलेच माहीत. देवळापाशी पायलचे फोटो झाले, जेवणाले उशीर झाला, रोशनले मंग चहा पाहिजे. जया मान वर करून उन्हाकडं पाहे. पठाणपुरा गेटापाशी पोचले तं ऊन कलतीले आलं होतं.

"चाल वं पायल," जया म्हणे, अन् चप्पल काढून हातात घेतली. भिंतीवर जायच्या पायऱ्या फुटलेल्या, मधात गवत. आनंदराव गाडीपाशीच राह्यले. "लवकर या," म्हणाले.

अन् आता काय सांगाव! त्याईनं घड्याळाकडं पाह्यलं. मंग सूर्याकडं. मंग पुन्हा घड्याळाकडं. हात आपोआप गेला. एक लांब, दोन तोकडे.

थोड्या वेळानं जया उतरून आली. साडीले सारे कुसळं चिकटलेले.

"दिसली का नदी?"

"दिसली नं," जया म्हणे, अन् गाडीत बसली. जामपर्यंत ती कुसळं काढत होती अन् खिडकीतून एकेक बाहेर टाकत होती. अंधाराच्या आत बुटीबोरी पार झाली. आनंदराव खूश.

उन्हाळ्यापर्यंत जयाची नजर पार गेली. उजेड अन् अंधार तेवढा समजे. मे महिन्यात मौद्याले एका नातलगाच्या पोरीचं लग्न होतं. पंगत उठल्यावर खुर्च्या गोल झाल्या, कोणीतरी म्हणे, "आनंदराव, जामचं सांगा बाप्पा!" अन् आनंदरावनं सुरू केलं. पाणी, हॉर्न, मनोहरराव, आरसा. लोकं हसून राह्यले होते. काळा चष्मा लावून बसलेल्या जयानं सवयीनं पदर तोंडाले लावला.

पायल ताडकन उठली. "आबाजी, आता पठाणपुऱ्याचंही सांगा नं!"

"त्याचं काय?"

"आजी वर पोचलीच नव्हती. वरच्या पायऱ्याच राह्यल्या होत्या. तुमचा हॉर्न वाजला अन् ती तिथूनच मागं फिरली. मी म्हटलं, आजी, ते आबाजी हायेत, थांबतीन. ती म्हणे, नाही वं, ते नाही थांबत. मी जामले राह्यली होती एकडाव."

कोणी हसलं नाही. आनंदरावनं जयाकडं पाह्यलं. तिनं अंदाजानंच पायलचा हात शोधला, दाबला. "जाऊ दे नं, बाई. लग्नघर हाये."

त्या रात्री आनंदरावनं विचारलं, "तू खोटं काहून बोलली मले?"

"तुमी इतक्या दूर गाडी चालवत आणलं. नाही दिसली म्हटलं असतं तं तुमाले वाईट वाटलं असतं," जया म्हणे अन् कूस बदलली. बस. तिनं शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं.

पाऊस सरल्यावर आनंदराव तिले घेऊन पुन्हा निघाले, दोघंच, एसटीनं. जामले गाडी थांबली तं जया म्हणे, मी नाही उतरत. मंग त्याईनंच उतरून पाणी आणलं अन् खिडकीतून दिलं. चंद्रपूरले ऑटो केला, ऑटोवाल्याले गेटापाशी थांबाले सांगितलं, अन् जयाचा पाय आपल्या हातानं एकेका पायरीवर ठेवत तिले वर नेलं. वर पोचल्यावर जयाच्या तोंडाले वारा लागला. तिनं दगडावर हात फिरवला, अन् बसली, कुरोड्या राखाले बसल्यासारखी.

"सांगा," ती म्हणे. "काय दिसते?"

आनंदरावनं पाह्यलं. खरंच सांगतो, त्या माणसानं आयुष्यात असं पहिल्यांदा पाह्यलं असन. "नदी हाये," ते म्हणाले. "पाणी हाये."

"किती?"

"हाये... बरंच हाये."

"पलीकडं भट्ट्या दिसतात का? बाबा यायचे ती पायवाट?"

तिथं झुडपं होते, का घरं होते, का दोन्ही. आनंदरावले पुलाचं वळण सांगता आलं असतं, खड्डा सांगता आला असता. कोणाचा बाप कुठून येत असन, हे कसं पाहाव लागते तेच त्याईले समजत नव्हतं. "जया, मले नाही सांगता येऊन राह्यलं वं," ते म्हणाले.

"असू द्या," जया म्हणे. "डाव्या अंगानं यायचे. डोक्याले पांढरा रुमाल. पहिले रुमालच दिसे." ती तोंड करून बसली होती ती बाजू नदीची नव्हती, गावाची होती. आनंदरावनं तिले हळूच खांद्याले धरून फिरवलं.

तेवढ्यात खाली ऑटोवाल्यानं हॉर्न मारला. साधाच, पोंऽ करून.

जया उठली. हात भिंतीवर, पाय खालची पायरी चाचपडून राह्यला.

"बस नं वं! मी पैसे देऊन राह्यलो त्याले, थांबन तो. बस नं!" आनंदरावनं तिचा हात धरला.

"नको जी," जया म्हणे, अन् तिचा पाय पायरीवर टेकला होता. "लोकं खोळंबतात."